हद्रमौत : मातीचे मनोरे, खोल वाद्या आणि मराठवाड्याशी जुने नाते

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझे बालपण परभणीत गेले. आमच्या गल्लीच्या पाठीमागे चाऊसांची दहा-बारा घरे होती आणि त्यांच्या लग्नात मरफा वाजू लागला की आम्ही मुले ताटावरून उठून धावत असू. ही मंडळी मूळची कुठली, असे विचारले तर मोठी माणसे "अरबस्तानातली, निजामाच्या फौजेत आली होती" एवढेच सांगत. पुढे २००५ ते २००७ अशी दोन वर्षे मी कामानिमित्त येमेनच्या सना शहरात होतो. तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकदा माझे गाव विचारले. परभणी हे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण निजामाचे राज्य म्हणताच ते म्हणाले, "माझे आजोबा हैदराबादेत जमादार होते. आमचे घर त्याच पैशातून उभे राहिले." ते घर हद्रमौत प्रांतातल्या दौआन खोऱ्यात होते. फेब्रुवारी २००७ मध्ये दहा दिवसांची रजा काढून पत्नी आणि मी तो प्रदेश पाहायला गेलो.

गेल्या महिन्यात परभणीला जाणे झाले, तेव्हा ती चाऊसांची घरे पाडून तिथे दुकानांचे संकुल उभे राहिलेले दिसले. त्यानंतर हे सगळे लिहून ठेवावे असे फार वाटू लागले.

हद्रमौतचे दोन भाग डोळ्यांसमोर आणावेत. दक्षिणेला अरबी समुद्राचा किनारा आणि त्यावरची मुकल्ला, शिह्र ही बंदरे. किनाऱ्यामागे जोल नावाचे उजाड, दगडी पठार. त्या पठारापलीकडे पूर्व-पश्चिम पसरलेली हद्रमौतची वादी, आणि तिला दक्षिणेकडून येऊन मिळणारी दौआनसारखी उपखोरी. वादी म्हणजे वर्षातला बहुतेक काळ कोरडी राहणारी नदी आणि तिचे खोरे. पाऊस झाला की या कोरड्या पात्रातून काही तास लोंढा धावतो, त्याला तिकडे सैल म्हणतात. तो लोंढा बांध घालून शेतात वळवायचा आणि जमीन खोलवर भिजवून घ्यायची, एवढ्यावर तिथली शेती शतकानुशतके चालत आली आहे.

मुकल्ला हे शहर काळसर तपकिरी डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. पांढरी घरे, पांढरे मिनार आणि लगेच पाणी. शहरात शिरताना एका सुट्या खडकावर १७१६ साली बांधलेला घुवैझीचा किल्ला दिसतो. किल्ला म्हटले तरी तो दुमजली पहाऱ्याचा बुरूज आहे, पण त्याची जागा अशी नेमकी निवडलेली आहे की खालच्या वाटेवरून जाणारा एकही उंट त्याच्या नजरेतून सुटला नसेल. समुद्रालगत कुऐती सुलतानांचा राजवाडा आहे. त्याच्या कमानी आणि सज्जे पाहताना पत्नी म्हणाली, "हे तर हैदराबादेतले वाटते." तिचे म्हणणे खरे होते, कारण हे घराणेच हैदराबादेत मोठे झाले. उमर बिन अवद अल कुऐती हे एकोणिसाव्या शतकात निजामाच्या चाकरीत जमादार झाले आणि तिथे मिळवलेल्या संपत्तीच्या बळावर त्यांनी व त्यांच्या मुलांनी मायदेशी राज्य उभारले. १८५८ मध्ये शिबाम, पुढे शिह्र आणि १८८१ मध्ये मुकल्ला त्यांच्या हाती आले. १९६७ पर्यंत ते राज्य टिकले. त्या घराण्यातल्या पुरुषांच्या नावापुढे 'नवाज जंग' अशी निजामाने दिलेली बिरुदे असत.

मुकल्ल्याहून जोलवर चढलो की कित्येक तास दगडांशिवाय काही दिसत नाही. आमचा चालक एका ठिकाणी गाडी थांबवून "उतरा" म्हणाला. पन्नास पावले चाललो आणि जमीन संपली. पायांखाली सुमारे तीनशे मीटर खोल दरी, तिच्या तळाशी खजुरांची हिरवी रेघ, आणि दोन्ही कड्यांच्या पायथ्याशी कड्यांच्याच रंगाची गावे. घरे आहेत हे प्रथम कळलेच नाही. खिडक्यांच्या रांगा दिसल्या, तेव्हा ते उंच मातीचे वाडे असल्याचे उमगले. ही दौआनची वादी. वरच्या अंगाला तिचे 'उजवे' आणि 'डावे' असे दोन फाटे होतात.

दौआनचा मध साऱ्या अरब जगात नावाजलेला आहे. तो तिथल्या इल्ब झाडाच्या फुलांचा. इल्ब म्हणजे आपल्या बोरीचाच भाऊबंद, पाने आणि काटे पाहिले की लगेच ओळख पटते. मधपाळ आपल्या पेट्या आणि मातीच्या नळकांड्या मालमोटारीवर लादून फुलोऱ्यामागे खोऱ्याखोऱ्यांतून फिरतात. खैला गावात सौदीत धनाढ्य झालेल्या एका कुटुंबाचा वाडा निळ्या, गुलाबी, हिरव्या रंगांनी रंगवलेला आहे. छायाचित्रांत तोच जास्त दिसतो. मला मात्र अल हजरैन अधिक आवडले. हे गाव कड्याच्या खांद्यावर असे बसले आहे की घर कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये.

आता शिबाम. वादीच्या मधोमध थोड्या उंचवट्यावर तटबंदीच्या आत सुमारे पाचशे मातीची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, पाच ते आठ मजल्यांची, काही तीस मीटरपर्यंत उंच. १५३२ च्या सुमारास आलेल्या पुराने जुने गाव मोडल्यावर ते बहुतांशी नव्याने बांधले गेले. आडवे पसरायला जागा नव्हती, कारण भोवतालची प्रत्येक हातभर जमीन सैलाच्या पाण्याची, म्हणजे पिकाची होती आणि तटाबाहेर टोळ्यांचे वैर होते. म्हणून गाव वर वाढले. तळमजल्यावर खिडकी नाही, तिथे धान्याची कोठारे. त्यावर शेळ्यामेंढ्या, त्यावर पुरुषांची बैठक, त्यावर बायकांचे मजले, आणि सर्वांत वर गच्ची. शेजारच्या घरांना वरच्या मजल्यांवर जोडणारी दारे आहेत. वेढ्याच्या काळात ती उपयोगी पडत आणि एरवी म्हाताऱ्या माणसांना जिने न उतरता शेजारी जाता येई.

संध्याकाळी समोरच्या उतारावरच्या वस्तीत चढून आम्ही सूर्यास्त पाहिला. घरांचे वरचे मजले चुन्याने पांढरे केलेले आहेत. खालची माती सावलीत काळवंडत गेली, तरी वरचा चुना बराच वेळ उजळत राहिला. इंग्रज प्रवासी फ्रेया स्टार्क १९३५ मध्ये इथे पोहोचल्या त्या आजारी अवस्थेत, आणि त्यांना ब्रिटिश वायुदलाच्या विमानाने शिबामहून एडनला हलवावे लागले. त्यांनी हे गाव अशा उन्हात किती वेळा पाहिले असेल, असे मनात आले.

सैयून शिबामच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर आहे. तिथला काथिरी सुलतानांचा भव्य पांढरा राजवाडा येमेनच्या हजार रियालच्या नोटेवर छापलेला आहे आणि तोही मातीचाच आहे. त्यापुढे तरीम हे विद्वानांचे गाव. वर्षाच्या दिवसांइतक्या मशिदी आपल्या गावात आहेत असे तरीमकर अभिमानाने सांगतात. अल मुहदार मशिदीचा चौकोनी मिनार मातीच्या विटांत पन्नास मीटरच्या आसपास उंच गेला आहे, आणि जवळच हस्तलिखितांचे मोठे ग्रंथालय आहे. तिथल्या अल काफ घराण्याने सिंगापुरात पैसा कमावला आणि गावात असे वाडे बांधले की ज्यांच्या दर्शनी भागावर युरोपीय खांब आणि मुघल कमानी शेजारी शेजारी दिसतात. हे सारे मातीत घडवून वर चुन्याने गुळगुळीत केलेले.

हद्रमौतच्या जमिनीने तिच्या माणसांना कधीच पुरेसे पोसले नाही. जावा, सिंगापूर, पूर्व आफ्रिका आणि आपला दख्खन यांनी पोसले, आणि त्या कमाईची माती होऊन ती गावे उभी राहिली. दहा दिवसांत मी जिथे जिथे "हे घर कुणी बांधले" असे विचारले, तिथे तिथे उत्तरात समुद्रापलीकडचे एखादे नाव आले.

प्रवासाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. आज हा प्रवास करता येत नाही. २०१५ पासूनचे युद्ध सर्वांना ठाऊक आहे आणि २०१७ पासून भारत सरकारने भारतीय पारपत्रावर येमेनला जाण्यास मनाई केलेली आहे. आमच्या वेळीही पोलिसांचा परवाना, म्हणजे तसरीह, लागत असे. त्याच्या वीस-पंचवीस प्रती काढून ठेवायच्या आणि प्रत्येक नाक्यावर एकेक द्यायची. आम्ही परतल्यानंतर वर्षभराने, जानेवारी २००८ मध्ये, दौआनमध्ये बेल्जियमच्या दोन महिला पर्यटकांची हत्या झाली. ती बातमी वाचली तेव्हा आम्ही थांबलो होतो तो कडा डोळ्यांपुढे आला. तेव्हा हा धागा कृपया आमंत्रण म्हणून वाचू नये. कुणाकडे त्या प्रदेशाच्या आठवणी, घरातली माहिती किंवा शेजारच्या भागांचा अनुभव असेल तर जरूर लिहावे.

मस्कतमुक्काम

अतिशय मोलाचा धागा. हद्रमौतला जाता येत नसले, तरी त्याच्याच पूर्वेला, येमेनच्या महरा प्रांतापलीकडे असलेल्या ओमानच्या धोफार प्रांतात जाता येते, म्हणून थोडे लिहितो. मी चौदा वर्षे मस्कतला आहे आणि सलालाहला सहा वेळा गेलो आहे. रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर पडतात, विमानाने दीड तास.

बहुतेक लोक जूनअखेर ते सप्टेंबर या खरीफच्या दिवसांत धुके आणि हिरवळ पाहायला जातात. ओमानातले मराठी लोक त्या झिमझिम पावसात कोकणची आठवण काढतात. पण जुनी गावे पाहायची असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. खरीफमध्ये गर्दीमुळे आणि धुक्यामुळे ताकाह, मिरबाट यांसारख्या गावांकडे कुणाचे लक्षच जात नाही.

सलालाह शहरातले अल बलीदचे अवशेष, पूर्वेला खोर रोरी, उत्तरेला शिस्र आणि ऊदाच्या झाडांची वादी दौकाह या चार जागा मिळून २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. ऊद हा शब्द मी सवयीने वापरला. नेमके सांगायचे तर हा अरबी लुबान, म्हणजे आपल्या सातपुड्यात आणि विदर्भात वाढणाऱ्या सालईच्याच कुळातल्या झाडाचा डिंक. सालईच्या सालीला खाच दिली की जसा चीक येतो तसाच इथेही येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. वादी दौकाहमध्ये ही झाडे कोरड्या पात्रात दगडांतून वर आलेली दिसतात. दुपारच्या उन्हात खोडाजवळ उभे राहिले तरी वास येतो.

गोदाकाठ यांच्या विषयाशी सर्वांत जवळची जागा म्हणजे खोर रोरी. खाडीच्या तोंडावरच्या टेकाडावर सुमहुरम नावाचे तटबंदीचे बंदर होते आणि ते हद्रमौतच्याच प्राचीन राज्याने वसवले होते. दरवाजाजवळच्या दगडांवर तसे लेख कोरलेले आहेत. लुबान इथे गोळा होऊन जहाजांत भरला जाई. या जागेच्या उत्खननात भारतीय घडणीची स्त्रीची छोटी कांस्यमूर्ती आणि तमिळ-ब्राह्मी अक्षरांचे खापर सापडले आहे. तटावर उभे राहून खाडीच्या तोंडाशी साचलेली वाळूची पट्टी पाहिली की हे बंदर का मावळले असेल याची कल्पना येते.

मिरबाटच्या जुन्या व्यापाऱ्यांचे वाडे दगडमातीचे आहेत. कोरीव लाकडी खिडक्या अजून शाबूत आहेत, पण मागच्या भिंती ढासळत आहेत. गावाबाहेर दुहेरी घुमटाची एक पांढरी कबर आहे. ती मुहम्मद बिन अली यांची, आणि तरीमचे बा अलवी सय्यद आपली वंशावळ त्यांच्यापर्यंत नेतात. तरीमला जाता येत नाही त्याने निदान इथे यावे.

चुनाविटा

मी वास्तुरचनाकार आहे आणि सोलापूर-लातूर भागातल्या माळवदाच्या घरांची नोंदणी करतो. आपल्याकडे मातीचे घर दुमजली झाले तरी लोक काळजी करतात, तिथे आठ मजले कसे उभे राहतात? पाया कशाचा आहे? भिंतींची जाडी किती? आणि डागडुजी कोण करते? गोदाकाठ, आपण प्रत्यक्ष काही काम चालू असताना पाहिले का?

गोदाकाठ

चुनाविटा, सुदैवाने पाहिले. शिबाममध्ये येमेन सरकार आणि जर्मन सहकार्य यांचा जीर्णोद्धाराचा प्रकल्प त्या वेळी चालू होता, त्यालाच पुढे २००७ सालचा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. एका घराचा वरचा मजला नव्याने बांधणाऱ्या गवंड्यांजवळ मी दोन सकाळी बसून होतो. तिथे मुख्य गवंड्याला मुअल्लिम, म्हणजे गुरुजी, म्हणतात.

पाया दगडाचा असतो. त्यावर मदर नावाच्या कच्च्या विटा. शेतात सैलाने आणून टाकलेली गाळाची माती, तीत कुटलेले काड आणि पाणी मिसळून लाकडी साच्यात मोठ्या पण पातळ विटा पाडतात आणि उन्हात आठवडाभर वाळवतात. भट्टी नाही. तळाशी भिंत जवळजवळ एक मीटर जाड असते आणि प्रत्येक मजल्याला ती थोडी थोडी बारीक होत जाते, त्यामुळे वरचा भार कमी होतो आणि बाहेरची बाजू किंचित आत झुकते. तुळया, दारे आणि खिडक्या इल्बच्या लाकडाच्या असतात. एक मजला बांधला की तो वाळेपर्यंत थांबायचे. घाई केली तर भिंत आतून ओली राहते आणि वरचे वजन आले की फुगते.

त्या मुअल्लिमनी मला सांगितलेली गोष्ट मात्र वेगळी होती. ते म्हणाले, घर उंचीने पडत नाही, पाण्याने पडते. म्हणून गच्ची, कठडे आणि वरचे मजले यांना नूरा, म्हणजे भाजलेला चुना कित्येक तास काठ्यांनी बडवून केलेला गिलावा देतात. तो पाणी रोखतो. आपल्याकडे मिरगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकून खारवट थर चोपतात, अगदी तसाच हा नेम आहे. फरक इतकाच की तिथे वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्याही आत असतो आणि म्हणूनच आठ मजल्यांचे धाडस चालते. गिलावा दोन-तीन वर्षे चुकला, एक चीर राहिली आणि एक मोठी सर आली, की तीनशे वर्षांचे घर एका रात्रीत बसते. ऑक्टोबर २००८ च्या पुरात त्या खोऱ्यातली शेकडो मातीची घरे गेली. २०२२ च्या पावसात सैयूनच्या राजवाड्याचाही एक भाग कोसळला.

डागडुजी कोण करते, या आपल्या प्रश्नात सगळा विषय आहे. घरात राहणारा करतो, पण पैसा बाहेरून येतो. १९४२ मध्ये जपानने जावा आणि सिंगापूर घेतले आणि तिकडून येणाऱ्या रकमा थांबल्या. त्यात दुष्काळ पडला आणि १९४३-४४ मध्ये हद्रमौतमध्ये माणसे भुकेने मेली. ज्या घरांत पोटाला नव्हते त्या घरांवर नूरा कुठून चढणार? शिबाममध्ये मला एक पडके घर दाखवून सांगितले गेले की त्याचे धनी जावात राहिले आणि परत आलेच नाहीत. आता युद्धामुळे पुन्हा तीच अवस्था आहे. २०१५ मध्ये शिबामची नोंद धोक्यात असलेल्या वारशात झाली. युरोपीय संघाच्या मदतीने युनेस्को तिथल्या तरुणांना मजुरी देऊन घरे दुरुस्त करून घेते आहे, हे वाचून बरे वाटते. कारण त्यात घर वाचते आणि विद्याही पुढच्या पिढीच्या हातात जाते.

उंबरठा

एक प्रश्न. या गावांच्या वर्णनात बायका फारशा दिसत नाहीत. आपल्या पत्नीला काही वेगळे पाहायला मिळाले का? आणि परक्या स्त्रीने तिथे वावरताना काय पाळावे लागत असे?

गोदाकाठ

उंबरठा, प्रश्न योग्य आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा होता, कारण त्या घरांचा अर्धा भाग मी पाहिलेलाच नाही. पत्नीला शेजारी बसवून तिने सांगितले तसे लिहितो.

शिबामच्या एका घरात मला तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत चहा दिला आणि तिला वर नेले. वरच्या खोल्या खालच्यापेक्षा कितीतरी उजेडाच्या आणि वाऱ्याच्या होत्या. खिडकीच्या जाळीतून बायका खालची सगळी गल्ली पाहत होत्या, पण खालून त्यांना कुणी पाहू शकत नव्हते. त्यांनी तिला दोन दारे उघडून तिसऱ्या घरात नेले आणि ती जिना न उतरता चार कुटुंबांना भेटून आली. घरच्या आजीबाईंनी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या बराच वेळ फिरवून पाहिल्या आणि लोणच्याची बरणी पुढे करून "अशार" म्हणाल्या. तो आपल्या अचाराचाच शब्द आहे. रस्ता विचारला की "सीदा" असे उत्तर येते तेही तसेच.

बाहेर तिने डोक्यावरून ओढणी आणि सैल कपडे एवढे पाळले आणि कुठेही त्रास झाला नाही. शेतात काम करणाऱ्या बायका काळा झगा आणि खजुराच्या पात्यांची उंच टोकदार टोपी घालतात. दुरून ते दृश्य फार मोहवते, पण त्यांचे छायाचित्र घेऊ नये. ते तिथे अपमानाचे समजतात आणि ते मानलेच पाहिजे. आमच्याकडे त्या टोप्यांचे एकही छायाचित्र नाही आणि त्याची खंतही नाही.

जुनेबंदर

मस्कतमुक्काम यांनी सुमहुरमचा उल्लेख केला, म्हणून एक दुवा जोडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तो पेरिप्लस सुप्रसिद्ध आहे. त्यात हद्रमौतच्या किनाऱ्यावरच्या काने बंदराचे वर्णन आहे. साऱ्या प्रदेशातला लुबान उंटांवरून आणि हवा भरलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून तिथे येतो, आणि त्या बंदराचा व्यापार भडोचशीही चालतो, असे तो लिहितो. त्याच ग्रंथात पुढे कल्याण आणि चौल ही बंदरे आणि पैठण व तेर ही घाटावरची नगरे येतात. पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचला उतरत असे. म्हणजे मराठवाडा आणि हद्रमौत एकाच पुस्तकाच्या काही पानांच्या अंतरावर आहेत.

काने म्हणजे आजच्या बीर अलीजवळचा हुस्न अल घुराब, कावळ्याचा किल्ला. तो समुद्रात शिरलेला काळा ज्वालामुखी खडक आहे. गोदाकाठ, आपण तो पाहिला का?

गोदाकाठ

नाही. मुकल्ल्याच्या पश्चिमेचा तो रस्ता त्या आठवड्यात बंद होता. ते राहून गेले याचे आजही वाईट वाटते.

सह्याद्रीपायथा

मुकल्ल्याच्या पश्चिमेला त्याच किनाऱ्याने पुढे गेले की एडन येते. एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालवले जात होते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना तिथल्या तुरुंगात ठेवले आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचे देहावसान झाले. त्या किनाऱ्याचे नाव निघाले आणि हे लिहिले नाही, तर चुकल्यासारखे होईल.

जमादारवाडा

मी हिंगोलीचा आहे आणि आमचे आडनाव चाऊस आहे. हा धागा मी काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवला. वडील ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी मध्येच थांबवून "दौआन" हा शब्द पुन्हा वाचायला लावला, कारण आमच्या दादीच्या तोंडी तो "दोआन" असा येत असे आणि आम्हाला तो कुठल्या तरी गोष्टीतला गाव वाटायचा.

चाऊस हा मूळचा तुर्की शब्द, फौजेतल्या हुद्द्याचा. हैदराबाद राज्यात अरब शिपायांना सरसकट तो चिकटला आणि पुढे आडनाव झाला. त्यामागे खरी कुळनावे राहिली : बावजीर, अमूदी, काथिरी, जाबरी, याफई. आमचे घराणे अमूदी, म्हणजे मूळ दौआनचेच. अरब शिबंदी निजामाच्या आधी मराठ्यांच्याही चाकरीत होती. मे-जून १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध महिनाभर लढवला तो अरबांनीच.

गोदाकाठ यांनी पैशाचा जो धागा धरला आहे त्याची आमच्या बाजूची हकीकत सांगतो. आमच्या पणजोबांची नेमणूक गढीच्या पहाऱ्यावर होती. दर वर्षी हैदराबादच्या बारकस भागातून कुणीतरी मुंबईमार्गे गलबताने वतनाला जायचा आणि त्याच्या हाती रक्कम, कापड आणि चहा जायचा. पणजोबांची पहिली बायको आणि थोरला मुलगा तिकडेच होते. इकडे त्यांनी इथल्याच मुलीशी लग्न केले, ती आमची पणजी. हद्रमौतहून बायका सहसा येत नसत, त्यामुळे आमच्या घरात चूल दख्खनी आणि कुळनाव अरबी, असे पहिल्यापासून आहे. सप्टेंबर १९४८ नंतर अरब शिपायांना मोठ्या संख्येने छावण्यांत ठेवले गेले आणि पुष्कळांना बोटीने एडनकडे परत पाठवले गेले. त्यांत इथेच जन्मलेले, अरबी धड न बोलता येणारे लोकही होते. आजोबांचे धाकटे भाऊ तसे गेले. दोन पत्रे आली, नंतर काही नाही. आमच्याकडून जाणारी रक्कम त्याच वर्षी थांबली. त्या रकमेचे तिकडे काय होत होते, हे मला काल कळले. घराच्या गिलाव्याला ती लागत असावी.

एक विनंती आहे. आपण दौआनमध्ये ज्या सहकाऱ्यांच्या घरी गेलात त्या गावात अमूदींची घरे होती का? आणि ते घर आता उभे आहे का, हे काही समजू शकेल का?

गोदाकाठ

जमादारवाडा, आपला प्रतिसाद पत्नीने आणि मी दोनदा वाचला.

अमूदींची घरे त्या फाट्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गावात होती आणि आम्ही राहिलो तिथेही होती. त्यांतले एक मला चांगले आठवते, कारण ते बंद होते. पाच मजली, तळाशी कोरीव दार, वरच्या दोन मजल्यांचा चुना झडून आतल्या विटा उघड्या पडलेल्या. सहकाऱ्यांच्या थोरल्या बंधूंनी सांगितले की त्याचे वारस हिंदुस्थानात आहेत असे म्हणतात, पण कुणी कधी आले नाही. म्हणून शेजारचे लोक दर पावसाआधी निदान गच्चीचे पन्हाळे मोकळे करून ठेवतात. ते म्हणाले, "घर आमचे नाही, पण ते पडले तर आमच्यावर पडेल." हे घर आपल्याच कुटुंबाचे असेल असे म्हणायचा मला अधिकार नाही. ते कुळ मोठे आहे.

त्या घराची किल्ली मी पाहिली आहे. वीतभर लाकडी दांडी, तिच्या टोकाला लाकडी खुंट्या, आणि कुलूपही लाकडाचेच. दाराशेजारी भिंतीला हात जाईल एवढे भोक असते. त्यातून हात घालून किल्ली आतून वर उचलली की अडसर सुटतो. शेजाऱ्यांनी ती खिळ्याला टांगून ठेवली होती आणि मला हातात दिली, पण दार उघडले नाही. धन्याच्या परवानगीशिवाय उघडायचे नाही, असे त्यांनी सांगितले.

सहकारी आता हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव मुकल्ल्याला असतात आणि त्यांच्याशी माझा अधूनमधून पत्रव्यवहार होतो. आपल्या पणजोबांचे पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि घरात चालत आलेले गावाचे नाव मला खासगी निरोपात कळवा. वडिलांना दादीने सांगितलेले जेवढे शब्द आठवतील तेवढे, जसेच्या तसे, लिहून घ्या. दारासकट घेतलेले त्या घराचे एक छायाचित्र माझ्याकडे आहे, ते शोधून आज रात्री इथे चढवतो.